फ्रीजर रूमच्या कोब्याखाली एक्सपीएस बोर्ड: अडीच वर्षांनंतरचा रिव्ह्यू, ५ पैकी ४ स्टार

एक्सपीएस म्हणजे थंडी-ऊब अडवणारे कडक फोमचे बोर्ड, ते घेतले २०२३ च्या मे महिन्यात आणि लिहितेय आत्ता, कारण ह्या मालाचं खरंखोटं चार दिवसांत कळत नाही, वर दोन-तीन वर्षं फ्रीजर चालवला की मगच कळतं. आमचं पिंपळगाव बसवंतजवळ छोटं युनिट आहे, मटार, मक्याचे दाणे, डाळिंबाचे दाणे फ्रोझन करतो. एकच फ्रीजर रूम, १२ मीटर बाय ९ मीटर, आत उणे २० डिग्री, वर्षाचे बहुतेक दिवस चालूच. हिशोब, खरेदी आणि लेबर मी बघते, मशिनरी आणि गाड्या माझे दीर बघतात, त्यामुळे बोर्डाची चौकशी, भाव, डिलिव्हरी सगळं माझ्याकडे आलं आणि त्यातून जे शिकले ते इथे लिहितेय. कोणी नवीन कोल्ड स्टोरेज टाकत असेल तर कृपया पूर्ण वाचा, आमचे एका सीझनचे पैसे ह्यात गेलेत.

आधी काय झालं होतं ते सांगते. २०१८ ला रूम बांधली तेव्हा ठेकेदाराने (नाव घेत नाही) कोब्याखाली दोन इंची साधा थर्माकोल टाकला, खाली प्लास्टिकचा कागद नाही, सांधे उघडे, वर थेट काँक्रीट. तीन वर्षं काहीच झालं नाही. चौथ्या वर्षी दार नीट बसेना. सरकतं दार आहे, त्याचं खालचं रबर एका बाजूला कोब्याला घासायचं आणि दुसऱ्या बाजूला बोटभर फट. दारवाल्याला दोनदा बोलावलं, त्याने दार वर उचलून दिलं, पैसे घेतले, गेला. मग पोरं म्हणायला लागली, ताई हँड पॅलेट (माल ओढायची हातगाडी) ओढताना मध्ये चढ लागतोय. आणि रिकामा हँड पॅलेट मधोमध सोडला की हळूहळू आपोआप दाराकडे यायचा. मग एक दिवस रॅकच्या वरच्या खणातून मटाराचा खोका खाली आला, त्या वेळी खाली कोणी नव्हतं हे आमचं नशीब, दिरांनी लगेच ओळंबा लावला तर रॅक वरच्या टोकाला सव्वादोन इंच कलला होता.

ट्यूब लेव्हल लावून पूर्ण कोबा मोजला. भिंतीजवळ आणि मधोमध ह्यात साडेचार इंचांचा फरक. साडेचार इंच काँक्रीट वर उचललं गेलं होतं, सळईसकट, वर भरलेल्या मालासकट, आणि मधून हाताच्या रेषांसारख्या भेगा गेल्या होत्या.

आता आपल्याकडे जमीन फुगली म्हटलं की पहिलं नाव काळ्या मातीचं निघतं. जो आला तो हेच म्हणाला, काळी आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया खोल घ्यायला हवा होता. मलाही पटलं होतं. पण आबा म्हणजे माझे सासरे, आयुष्य द्राक्षबागेत गेलं त्यांचं, ते म्हणाले काळी माती पावसाळ्यात वर येते तशी उन्हाळ्यात खाली पण बसते, हा तुमचा कोबा मे महिन्यात पण वरच चाललाय. मी तीन महिन्यांची मापं लिहून ठेवली होती ती बघितली तर खरंच, मार्चपेक्षा एप्रिलमध्ये जास्त, एप्रिलपेक्षा मे मध्ये जास्त. आमच्या शेडच्या बाहेर ४० डिग्री आणि कोबा फुगतोय. तेव्हा पहिल्यांदा शंका आली की हे पाण्याने नाही, बर्फाने होतंय.

माल उचलून दुसऱ्यांच्या कोल्ड स्टोरेजला भाड्याने ठेवला, रूम बंद केली आणि ब्रेकर लावला. काँक्रीट निघालं, खालचा थर्माकोल निघाला, तो एवढा जड झाला होता की एक तुकडा उचलायला दोन्ही हात लागले, दाणे दाणे सुटलेले आणि मध्ये बर्फ. आणि खालची माती पहारीने फुटेना. मिस्त्रींनी एक ढेकूळ फोडून माझ्या हातात दिलं ते मी विसरणार नाही. मातीचा पातळ थर, मग काचेसारख्या बर्फाचा थर, परत माती, परत बर्फ, अगदी चिरोट्याला पापुद्रे असतात तसं. काही थर नखाएवढे, एक तर चांगला अंगठ्याएवढा जाड. पाच मिनिटांत हातात त्याचा चिखल झाला. भिंतीकडे दीड-दोन फुटांवर माती मोकळी लागली, मधोमध मात्र पाच फूट गेलो तरी गोठलेलीच.

दिरांचे एक मित्र आहेत, सिव्हिलवाले, लेहकडे रस्त्याच्या कामांवर काही वर्षं काढलेले. त्यांना फोटो पाठवले, ते दुसऱ्या दिवशी गाडी काढून आलेच. खड्ड्यात उतरले, माती बोटांत चोळली आणि म्हणाले वहिनी, हे मी रस्त्याखाली बघितलंय, थंड मुलखात काँक्रीटचे आणि डांबरी रस्ते असेच उचलले जातात. त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलेलं असतं, पण नुसत्या तेवढ्याने साडेचार इंच होत नाहीत. खरी गोष्ट अशी की जिथे माती गोठते त्या पातळीवर बर्फ तयार होताना तो खालच्या ओल्या मातीतलं पाणी वर ओढत राहतो, समईची वात तेल ओढते तसं. पाणी वर येतं, गोठतं, थर जाड होतो, अजून ओढतो. म्हणजे आधी मातीत होतं तेवढंच पाणी गोठतं असं नाही, खालून नवीन पाणी येतच राहतं. त्याला तीन गोष्टी एकत्र लागतात, गोठवणारी थंडी, पाणी, आणि पाणी वर चढेल अशी बारीक माती. तिघांपैकी एक काढली तरी काम थांबतं.

आणि आमच्याकडे तिन्ही हजर. थंडी आमचीच. पाणी म्हणाल तर पालखेडच्या कालव्याला आवर्तन सुटलं की आमच्या भागातल्या विहिरी वर येतात, शिवाय आमच्या धुण्याच्या जागेची गटार शेडच्या भिंतीलगत झिरपत होती ते खोदल्यावर कळलं. आणि माती, ती पहिल्या ठेकेदाराने भरावाला वापरलेली गाळाची. मला वाईट ह्याचंच वाटतं. गाळ शेतात टाकला तर सोनं, पण अशा ठिकाणी भरावाला गाळ म्हणजे सगळ्यात वाईट, कारण त्याचे कण एवढे बारीक की पाणी वर चढतं आणि चिकणमातीइतके घट्ट नाहीत त्यामुळे ते भराभर चढतं. जाड मुरूम, खडी ह्यात पाणी असं चढत नाही. त्या भाऊंनी हेही सांगितलं की अमेरिका, कॅनडा, नॉर्वे अशा देशांत रस्त्याखाली फोमचे बोर्ड टाकण्याचं काम १९६० च्या दशकापासून चालू आहे, काँक्रीट किंवा डांबराच्या थराखाली, खडीच्या खाली बोर्ड, म्हणजे हिवाळ्यातली थंडी मातीपर्यंत पोचायला उशीर होतो आणि तोवर हिवाळा संपतो. तिकडे खरा घात थंडीत होत नाही म्हणे, वसंतात होतो. बर्फ वरून वितळायला लागतो, खाली अजून गोठलेलं, मधलं पाणी जायला जागा नाही, रस्त्याखाली चिखल होतो आणि जड ट्रक गेला की रस्ता खचतो, म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या राज्यात त्या दिवसांत ट्रकच्या वजनावर बंधनं घालतात. अजून एक गोष्ट मला फार आवडली ती अशी की बोर्ड रस्त्याच्या पृष्ठभागाच्या फार जवळ टाकला तरी पंचाईत, जमिनीची ऊब वर येत नाही, मग त्या तुकड्यावर बाजूच्या रस्त्याच्या आधी बर्फ धरतो आणि गाड्या घसरतात. त्यामुळे वर पुरेसा जाड थर ठेवावा लागतो.

हे सगळं ऐकल्यावर खरेदीला निघाले. थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही एकाच जातीचं प्लास्टिक, पण थर्माकोल म्हणजे फुगवलेले दाणे एकमेकांना चिकटवलेले, दाण्यांच्या मधून पाणी हळूहळू शिरतं. एक्सपीएस मशिनमधून सलग पट्टीसारखा निघतो, आत बंद कप्पे, पाणी जवळजवळ शिरतच नाही. मी दोन्हीचे तुकडे तोलून बादलीत दगडाखाली बुडवून ठेवले होते आठ दिवस. बाहेर काढून फडक्याने पुसून परत तोलले, थर्माकोलचं वजन चांगलंच वाढलं होतं, एक्सपीएसचं काट्यावर फरकच दिसेना. भाव थर्माकोलच्या दुपटीहून जास्त आहे हे खरं, कोटेशन बघून आबा पण गप्प झाले होते. पण जमिनीखाली, ओलीत, काँक्रीटच्या खाली एकदा गाडला की परत काढता येत नाही, तिथे थर्माकोल टाकू नका, माझं स्पष्ट मत आहे. भिंतीला पफ पॅनेल (आत फोम भरलेले पत्रे) असतंच, गडबड जमिनीत होते आणि कोटेशनमध्ये सगळ्यात आधी कात्री जमिनीलाच लागते.

माल घेतला नाशिकच्या अंबडमधल्या एका डीलरकडून. ७५ मिमीचा बोर्ड, १२५० बाय ६०० मिमी, कडेला खाच असलेला, म्हणजे एका बोर्डाची कड दुसऱ्याच्या कडेवर बसते आणि सरळ फट राहत नाही. दोन थर टाकायचे होते, ७५ अधिक ७५. आमच्या १०८ चौरस मीटरला एका थराला १४४ बोर्ड, दोन थरांना २८८, तुटफूट धरून ३०० मागवले. घनता ३५ सांगितली होती, म्हणजे एका घनमीटरला ३५ किलो, आणि दाब सहन करायची ताकद ३०० केपीए (किलोपास्कल, दाबाचं माप). आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, डीलर सांगत नाही. ३०० केपीए म्हणजे ढोबळ हिशोबाने चौरस मीटरला ३० टन, ऐकायला भरपूर वाटतं, पण तो आकडा बोर्ड १० टक्के दबेपर्यंतचा असतो, तोही थोडा वेळ वजन देऊन काढलेला. वर्षानुवर्षं वजन ठेवायचं असेल तर साधारण त्याचा तिसरा हिस्साच धरायचा. आमच्या सिव्हिलच्या भाऊंनी रॅकच्या पायांचं वजन काढून त्यावरून वरचा स्लॅब १५० मिमी ठरवला, रॅकच्या पायांखाली मोठे पत्रे टाकायला लावले. तुमच्याकडे फोर्कलिफ्ट असेल तर ५०० केपीएचा बोर्ड बघा.

दुसरी गोष्ट, बोर्ड उतरवून घेताना तोला. लॅबची गरज नाही, आपला कांद्याचा काटा पुरतो. हिशोब सोपा आहे, १.२५ गुणिले ०.६ गुणिले ०.०७५ म्हणजे ०.०५६२५ घनमीटर, त्याला ३५ ने गुणलं की १ किलो ९७० ग्रॅम. पहिल्या गाडीतले दहा बोर्ड मी स्वतः तोलले, सगळे दोन किलोच्या आसपास. दुसऱ्या गाडीतला पहिलाच बोर्ड १ किलो ६०० भरला. मला वाटलं काटा बिघडला, परत पहिल्या गाडीतला ठेवला, दोन किलो. म्हणजे दुसरी गाडी २८ घनतेची, तोच रंग, तीच चमक, वर छापलेलं पण तेच. डोळ्याने काही कळत नाही, अंगठा दाबला तर किंचित जास्त दबतो एवढंच. डीलरला फोन केला तर आधी म्हणाला मॅडम थोडाफार फरक असतोच, मी म्हटलं शंभर ग्रॅम समजू शकते, पावणेचारशे नाही. शेवटी बदलून दिला, पण तीन आठवडे लावले आणि परतीचं गाडीभाडं आमच्याकडून घेतलं. एक स्टार इथेच गेला. माल चांगला, पण दुकानाचा व्यवहार डोळे मिटून विश्वास ठेवावा असा नाही. रंगावर अजिबात जाऊ नका, गुलाबी, निळा, हिरवा, पांढरा, तो नुसता घातलेला रंग असतो.

ह्या तीन आठवड्यांत पहिल्या गाडीचे बोर्ड शेडबाहेर पडून होते आणि तिथे आमची चूक झाली. वर काळी ताडपत्री टाकली होती, मे महिन्याचं ऊन, ताडपत्रीखाली नुसती भट्टी, वरचे सात-आठ बोर्ड वाकडे झाले, पापडासारखे कडेने वर उचलले. हा माल ७५ डिग्रीच्या आसपास नरम पडायला लागतो. आणि ज्यांच्यावरची ताडपत्री वाऱ्याने सरकली होती त्यांचा वरचा पापुद्रा पिवळा पडून हाताला पीठ लागायला लागलं, ऊन ह्याला चालत नाही. सावलीत ठेवा, पांढऱ्या कापडाखाली ठेवा. पेट्रोल, थिनर, सॉल्व्हंटवाला गोंद ह्याच्या जवळ आणू नका, एका पोराने कटर मशिनमध्ये पेट्रोल भरताना अर्धा कप सांडलं तर बोर्डाला डोळ्यादेखत खड्डा पडला, गरम तव्यावर लोणी टाकल्यासारखा. वेल्डिंगची ठिणगी तर नकोच, पेटतो.

बसवायचं काम मिस्त्री आणि त्यांच्या चार माणसांनी केलं. गोठलेली माती जेवढी निघाली तेवढी काढली, उरलेली उघडी ठेवून महिनाभर वितळू दिली, रोज सकाळी खड्ड्यातलं पाणी मोटरने बाहेर. घाई करू नका, अर्धवट गोठलेल्या मातीवर भराव टाकला तर ती नंतर वितळून खाली बसते. मग गाळ पूर्ण काढून जाड मुरूम, थराथराने पाणी मारून रोलर, मग पीसीसी म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट. पीसीसीवर जाड प्लास्टिकचा कागद, सांधे फूटभर एकमेकांवर घेऊन टेपने बंद. हा कागद बोर्डाच्या खाली, म्हणजे उबेच्या बाजूला, कारण जमिनीतली वाफ थंडीकडे जाते आणि तिला बोर्डात शिरण्याआधी अडवायचं असतं. त्यावर पहिला थर, त्यावर दुसरा, पण दुसऱ्याचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत, विटांच्या बांधकामात मोड घेतो तसंच. मिस्त्रींना हे एका वाक्यात कळलं. भिंतीकडे उरलेल्या फटीत पीयू फोम (मारला की फुगून घट्ट होतो तो) गनने मारला. मग परत कागद, त्यावर जाळी, त्यावर काँक्रीट, आणि ट्रिमिक्स, म्हणजे ओल्या काँक्रीटमधलं जादा पाणी मशिनने ओढून घेणं.

पण ह्या सगळ्याच्या आधी, पीसीसीच्या आत, जे टाकलंय त्याच्याशिवाय हा बोर्ड आमच्या कामाचा नव्हता. आणि मला ह्याच मुद्द्यासाठी एवढं लिहायचं होतं. डीलरच्या पुस्तकात बर्फातल्या रस्त्याचा सुंदर फोटो आहे, खाली बोर्ड, वर रस्ता, झालं काम. रस्त्याला ते पुरतं, कारण रस्त्यावरचा हिवाळा चार-पाच महिन्यांत संपतो, मग उन्हाळा येतो आणि जमिनीला गेलेली ऊब परत मिळते. आमच्या फ्रीजरमधला हिवाळा संपतच नाही. उणे २० डिग्री, जवळजवळ बारा महिने, चोवीस तास. बोर्ड थंडीला हळू करतो, थांबवत नाही. आकड्यात सांगते, आपल्याकडची जमीन खोलवर साधारण २५ डिग्री असते, वर उणे २०, फरक ४५ चा, आणि १५० मिमी बोर्डातून तरी चौरस मीटरला साधारण ९ वॅट ऊब वर जातच राहते. आमच्या पूर्ण रूमला जवळपास एक किलोवॅट, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं, जमिनीतून उपसली जाते. कडेची माती बाजूने ऊब आणते, म्हणून भिंतीजवळ कमी गोठलं होतं. मधल्या भागाला कोण आणून देणार. नुसता बोर्ड जाड केला तर चार वर्षांनी होणारं दहा वर्षांनी होईल, पण होईल.

म्हणून खालून ऊब द्यावी लागते. मोठ्या प्लँटवाले ग्लायकॉलचे (सहज न गोठणाऱ्या द्रवाचे) पाईप फिरवतात, कॉम्प्रेसरची वाया जाणारी उष्णता त्यात देतात, काही जण विजेची हीटिंग केबल टाकतात. आमच्या भाऊंनी सांगितलं तुमच्या हवामानात साधा उपाय चालतो. पीसीसीमध्ये चार इंची पीव्हीसी पाईप, दर मीटरला एक, एका भिंतीतून आत शिरून समोरच्या भिंतीतून बाहेर, दोन्ही तोंडं उघडी, पूर्व-पश्चिम, म्हणजे वारा आरपार. बाहेरची हवाच जमिनीला ऊब देते. नाशिक जिल्ह्यात निफाडला कितीही गारठा पडला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा चार-पाचवर आल्याची बातमी पेपरात आली, तरी ती हवा शून्याच्या वरच की. लेहला हा उपाय चालणार नाही, तिथे हिवाळ्यात बाहेरचीच हवा गोठवणारी. पाईपला एका बाजूला उतार हवाच, पावसाळ्यातली दमट हवा आत थंड होऊन पाणी धरते, ते वाहून जायला पाहिजे नाहीतर पाईपमध्येच बर्फ. तोंडाला जाळी लावा, उंदीर जातात. आणि जाळी दर महिन्याला साफ करा, कोळिष्टकं आणि द्राक्षाची वाळलेली पानं अडकतात.

आता निकाल. बोर्डाच्या खाली पीसीसीवर तीन ठिकाणी तापमानाचे सेन्सर टाकून वायर बाहेर काढलीय, हे फुकटात झाल्यासारखं आहे, नक्की करा. फ्रीजर चालू केला त्या दिवशी मधला सेन्सर २७ दाखवत होता. तीन महिन्यांनी १९. पहिल्या जानेवारीत १२ वर आला तेव्हा मला झोप नव्हती, रोज सकाळी चहाच्या आधी तो आकडा बघायला जायचे. मग उन्हाळ्यात परत १८ वर गेला. दुसऱ्या जानेवारीत ११, ह्या जानेवारीत पण ११. म्हणजे खाली जायचं थांबलं. लेव्हल दर तीन महिन्यांनी घेतो, अडीच वर्षांत मधोमध २ मिमी खाली, वर अजिबात नाही, ते दबणं पहिल्या सहा महिन्यांतलं. दार रबरावर सरळ बसतं. रॅकला ओळंबा लावला की दोरी खालपर्यंत सरळ. वीज बिलातही फरक पडलाय पण त्याच सुमाराला कॉम्प्रेसरची सर्व्हिसिंग झाली त्यामुळे ते सगळं श्रेय बोर्डाला देत नाही.

अजून एक, ग्रुपवर दोघा-तिघांनी विचारलं की सिंहस्थाची कामं चालू आहेत, काँक्रीटचे रस्ते होतायत, आमच्या सोसायटीच्या रस्त्याखाली हा बोर्ड टाकावा का, एक जण विकायला आलाय. अजिबात नको. नाशिकची जमीन कधी गोठत नाही. निफाडला पहाटे दव गोठतं, द्राक्षाचे मणी तडकतात, बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात हे सगळं खरं, पण तो गारठा हवेतला आणि दोन-तीन तासांचा, चार बोटं खाली माती उबदारच असते. तुमच्या रस्त्याला काळ्या मातीचा त्रास आहे, ती माती काढून मुरूम टाका, पाण्याचा निचरा करा. हां, डिसेंबर-जानेवारीत काँक्रीट टाकणार असाल तर थंडीचा विचार करा, पारा पाचच्या खाली जाणार असेल तर काँक्रीट धरायला फार वेळ घेतं, संध्याकाळी उशिरा टाकू नका, रात्री गोणपाट आणि वर ताडपत्री झाका, सकाळी ऊन आलं की काढा. त्याला बोर्ड लागत नाही.

राहिलेली एक कमी सांगते. दाराच्या उंबऱ्याखाली आम्ही चुकलो. आतला स्लॅब आणि बाहेरच्या पॅसेजचा स्लॅब मिस्त्रींनी सलग टाकला, मी त्या दिवशी बँकेत होते आणि दीर नाशिकला. बोर्ड उंबऱ्यापाशी संपतो पण काँक्रीट सलग आहे, त्यामुळे थंडी काँक्रीटमधूनच बाहेर येते. पावसाळ्यात उंबऱ्याबाहेर हातभर पट्टा कायम ओला, श्रावणात तर त्यावर पातळ बर्फ धरतो, एक पोरगं घसरलं होतं, गुडघा फुटला. सध्या तिथे रबरी मॅट टाकलीय आणि एक छोटी हीटिंग केबल फिरवलीय. मटाराचा सीझन मार्चला उरकला की रूम रिकामी होईल, तेव्हा कटरने दाराच्या रेषेत स्लॅब आरपार कापून मध्ये दोन इंची पट्टी बसवायचीय ह्याच बोर्डाची. शिल्लक राहिलेले चार बोर्ड त्याच्यासाठीच माळ्यावर सावलीत ठेवलेत, परवाच तोलून बघितले, दोन किलोच भरले.